दुखण्यांच्या नावांआधी ‘अ’ लावायचा की नाही? दुरुस्त करूनही परत येणारी चूक

माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजी शिकायला येणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणी नर्स आहेत. सोलापुरातल्या हॉस्पिटलांमध्ये ड्युटी करून येतात आणि परदेशातल्या नोकरीसाठी ओईटीची, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी करतात. त्यांतल्या एकीच्या सराव-पत्रात ‘पेशंट हॅज हेडेक अँड सोअर थ्रोट’ असं आलं. मी दोन्हीकडे ‘अ’, म्हणजे इंग्रजीतला तो छोटा ‘a’, घातला, तिनं तो वहीत उतरवून घेतला. पुढच्या आठवड्यात हेडेक आणि थ्रोट बरोबर आले, पण त्यांच्यासोबत ‘अ डायबेटीस’, ‘अ हाय ब्लड प्रेशर’ आणि ‘अ डायरिया’सुद्धा आले. ते खोडले, तर तिसऱ्या आठवड्यात तिनं सगळेच ‘अ’ काढून टाकले. पुन्हा ‘हॅज हेडेक’.

हा फेरा मी इतक्या जणींचा पाहिलाय की आता मला तो हुशारीचा किंवा मेहनतीचा प्रश्न वाटत नाही. चूक जिथे दिसते तिथे आपण दुरुस्त करतो आणि जिथून येते तिथे हात लावत नाही, म्हणून ती परत येते. ती कुठून येते आणि कशी थांबवायची, ते सविस्तर लिहिते. इंग्रजी शब्द मुद्दाम देवनागरीत लिहितेय, त्याचा एक उपयोग पुढे दिसेल.

आधी तपासणी

विचार न करता, पटकन, या चार वाक्यांचं इंग्रजी कागदावर लिहा. मला डोकेदुखी आहे. तिला दमा आहे. त्याला हार्ट अटॅक आला. मला सर्दी झालीय.

बरोबर उत्तरं: ‘आय हॅव अ हेडेक.’ ‘शी हॅज अस्थमा.’ ‘ही हॅड अ हार्ट अटॅक.’ ‘आय हॅव अ कोल्ड.’

पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या वाक्यात ‘अ’ गळला असेल तर तुमची अडचण गाळण्याची आहे. दम्याला ‘अ’ लागला असेल तर ती सरसकट लावण्याची आहे. दोन्ही झालं असेल तर तुम्ही अंदाजानं लावताय. आणि लिहिताना चारही बरोबर, पण बोलताना ‘अ’ गायब, असं होत असेल तर तो उच्चाराचा प्रश्न आहे, त्याकडे शेवटी येते.

चूक येते कुठून

मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांच्या जागी काहीच नाही. सोलापुरात तर घरी मराठी नसली तरी सुटका नाही. पूर्व भागातल्या मुली घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या कन्नड, काही जणी दखनी. या कुठल्याच भाषेत आर्टिकल नाही. ‘मला ताप आलाय’ म्हणताना तापाआधी एक छोटा शब्द हवा, असं आपल्याला आतून कधीच वाटत नाही.

मग शाळेत सांगतात, ‘अ’ म्हणजे ‘एक’. इतिहास पाहिला तर ते खरं आहे, ‘अ’ आणि ‘ॲन’ हे ‘एक’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दातूनच झिजून आले. पण रोजच्या कामाला हा नियम घातक आहे. मुलगी मनात म्हणते, ‘मला एक डोकेदुखी आहे’, तिला ते हास्यास्पद वाटतं आणि ती ‘अ’ काढते. तिचा मराठी कान बरोबर सांगतोय, प्रश्न चुकीचा विचारला गेलाय.

दुसरं कारण मला फार उशिरा लक्षात आलं आणि ते नर्सेसना जास्त लागू पडतं. त्या दिवसभर केस पेपर वाचतात. केस पेपरवर वाक्यं नसतातच: ‘कम्प्लेन्स ऑफ हेडेक, कफ, पेन इन लेफ्ट नी.’ तिथे घाईत ‘अ’ आणि ‘द’ गाळतात आणि ते चालतंच. इंग्लंडमधला डॉक्टरही नोट्समध्ये असंच लिहितो. पण तो पत्र लिहायला बसला की ते शब्द परत घालतो, कारण ते त्याच्या कानात असतात. आपल्याकडे केस पेपरची भाषा हीच ‘हॉस्पिटलची इंग्रजी’ म्हणून डोक्यात बसते. ओईटीतही नेमकं हेच समोर येतं: त्रोटक नोट्स देतात आणि त्यांवरून ४० मिनिटांत साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं असतं. नोट्समधला शब्द जसाच्या तसा उचलला की ‘अ’ मागेच राहतो.

‘एक’ ऐवजी कोणता प्रश्न विचारायचा

आपल्याला मोजणं कळत नाही, असं अजिबात नाही. पोटात ‘कळ’ येते, ‘कळा’ येतात. ‘तीन उलट्या झाल्या’ म्हणतो, ‘पाठीवर दोन फोड आलेत’ म्हणतो, ‘दुसरा झटका आला’ म्हणतो. पण ‘तीन दमे’ किंवा ‘दोन अशक्तपणे’ कुणी म्हणत नाही. म्हणजे काही दुखणी सुटी, मोजण्याजोगी आणि काही अंगात भिनलेली, हा भेद मराठीत आहेच. इंग्रजी तोच भेद करते, फक्त रेघ थोडी वेगळ्या जागी ओढते. डोकेदुखी आपण मोजत नाही, इंग्रजी मोजते. त्यांच्या लेखी हेडेक म्हणजे आपल्या ‘कळे’सारखं: आलं, राहिलं, गेलं.

म्हणून विचारा: ही एकदा येऊन जाणारी घटना आहे का, किंवा अंगावर बोट ठेवून दाखवता येईल अशी वस्तू आहे का? तसं असेल तर ‘अ’. हार्ट अटॅक, स्ट्रोक, फ्रॅक्चर, रॅश, अल्सर, ट्यूमर, किडनी स्टोन, ब्लिस्टर, इन्फेक्शन, ॲलर्जी हे सगळे ‘अ’ किंवा ‘ॲन’ घेतात. शरीराची स्थिती किंवा आजाराचं नाव असेल तर काही नाही: डायबेटीस, अस्थमा, मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू, कॉलरा, कावीळ म्हणजे जॉन्डिस, हार्ट डिसीज, हार्ट फेल्युअर, फूड पॉयझनिंग. ‘आयटिस’, ‘ओसिस’ किंवा ‘इया’ने संपणारी नावं जवळजवळ सगळी याच बाजूला येतात: आर्थ्रायटिस, ब्रॉन्कायटिस, ट्यूबरक्युलोसिस, अनीमिया, न्यूमोनिया. ‘हर्निया’ मात्र फसवतो, तो बोटानं दाखवता येतो म्हणून ‘अ हर्निया’.

आपल्या गावासाठी एक जोडी नीट लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर जातो आणि ऊन लागलेले पेशंट येतात. ‘ही हॅड अ स्ट्रोक’ म्हणजे त्याला पक्षाघाताचा झटका आला. ऊन लागणं म्हणजे ‘हीटस्ट्रोक’ किंवा ‘सनस्ट्रोक’, आणि त्यांना ‘अ’ लागत नाही: ‘ही हॅड हीटस्ट्रोक.’ शब्दात ‘स्ट्रोक’ दिसला म्हणून हात आपोआप ‘अ’कडे जातो, तो इथे थांबवा.

हा प्रश्न बहुतेक ठिकाणी उत्तर देतो, सगळीकडे नाही. सर्दी आणि फ्लू दोन्ही येऊन जातात, तरी ‘अ कोल्ड’ आणि ‘द फ्लू’ किंवा नुसतं ‘फ्लू’. तिथे तर्क लावत बसू नका. अशी नावं मोजकीच आहेत, ती पाठच करावी लागतात.

‘एक’ कुटुंबातलं भांडण

‘एक’ म्हणजे इथे हेडेकमधला ‘एक’, दुखणं या अर्थाचा. मुली सगळ्यात जास्त इथे अडकतात, कारण दोन पुस्तकांत दोन उत्तरं सापडतात आणि मग दोन्हींवरचा विश्वास उडतो.

हेडेकचं सोपं आहे. जगात कुठेही गेलात तरी ‘अ हेडेक’. एकदा दुखलं तर ‘अ’, वारंवार दुखत असेल तर ‘हेडेक्स’. ‘आय हॅव हेडेक’ असं चालत नाही.

टूथेक, इअरेक, बॅकेक, स्टमकेक यांचं मात्र देशावर अवलंबून आहे. अमेरिकेत सगळ्यांना ‘अ’ लावतात: ‘आय हॅव अ टूथेक’, ‘ॲन इअरेक’. ब्रिटनमध्ये साधारणपणे लावत नाहीत: ‘आय हॅव गॉट टूथेक’, ‘शी हॅज बॅकेक’. पोटदुखीच्या बाबतीत तिथेही दोन्ही ऐकू येतं. म्हणजे ब्रिटिश माणूस दातदुखीला आपल्यासारखंच अंगात भिनलेलं दुखणं समजतो आणि डोकेदुखीला घटना. असं का, याला मला पटेल असं कारण सापडलेलं नाही. पण एकदा कळलं की दोन्ही बरोबर आहेत, की गोंधळ बराच कमी होतो. माझा सल्ला: सोयीसाठी सगळीकडे ‘अ’ लावायची अमेरिकन पद्धत घ्या आणि तीच शेवटपर्यंत पाळा. ब्रिटनला जाणाऱ्यांनीही असं केलं तरी कुणाला खटकणार नाही. एकाच पत्रात ‘अ टूथेक’ आणि पुढच्या ओळीत ‘हॅज इअरेक’ असं मात्र करू नका.

‘पेन’ दोन्हीकडे जातो. ठरावीक जागची कळ म्हणजे ‘अ पेन इन हिज चेस्ट’, एकूण वेदना म्हणजे नुसतं ‘पेन’: ‘शी इज इन पेन.’ ‘चेस्ट पेन’, ‘बॅक पेन’, ‘अब्डॉमिनल पेन’ हे जोडशब्द लेखी भाषेत ‘अ’शिवायच वापरा. आणि ‘माय हेड इज पेनिंग’ सोडून द्या. ‘डोकं दुखायलंय’चं ते शब्दशः रूप आहे. ‘माय हेड हर्ट्स’ म्हणा. तिथे ‘माय’ हवाच, मराठीत ‘डोकं दुखतंय’ एवढंच पुरतं म्हणून तो गळतो.

सर्दी, खोकला, ताप

‘आय ॲम कोल्ड’ म्हणजे मला थंडी वाजतेय. ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झालीय. ‘आय हॅव कोल्ड’ म्हटलं की ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहतो: थंड काय, हात की पाय? ‘कॅच कोल्ड’ आणि ‘कॅच अ कोल्ड’ दोन्ही चालतात, पण मध्ये विशेषण आलं की ‘अ’ लागतोच: ‘कॉट अ बॅड कोल्ड.’

खोकल्याचा सापळा खास आपला आहे. मराठीत ‘कफ’ म्हणजे छातीत साठतो तो चिकट बेडका. इंग्रजी ‘कफ’ म्हणजे खोकला. ‘पेशंटला कफ झालाय’ हे मनात ठेवून ‘ही हॅज कफ’ लिहिलं की अर्थ आणि व्याकरण दोन्ही घसरतात. मराठी कफाला इंग्रजीत ‘फ्लेम’ म्हणतात, हॉस्पिटलच्या भाषेत ‘स्प्युटम’, आणि तो मोजता येत नसल्यानं त्याला ‘अ’ नाही. खोकल्याला ‘अ’ हवा: ‘अ ड्राय कफ’, ‘अ कफ विथ यलो स्प्युटम’. माझी शंका अशी की ‘कफ’चा ‘अ’ सगळ्यात जास्त गळतो तो याच कारणानं: डोक्यात खोकला नसतो, कफ असतो.

तापाला घरगुती बोलण्यात ‘अ फीवर’ म्हणा, ब्रिटनमध्ये ‘अ टेंपरेचर’ जास्त ऐकाल. लक्षण म्हणून यादीत येतं तेव्हा नुसतं ‘फीवर’ही बरोबर: ‘ही प्रेझेंटेड विथ फीवर अँड व्हॉमिटिंग.’ ‘हाय’ लावलात तर ‘अ हाय फीवर’.

आकडा आला की वेगळी गंमत होते. ‘ब्लड प्रेशर’ला एरवी ‘अ’ नाही, ‘शी हॅज हाय ब्लड प्रेशर.’ पण मोजलेलं माप सांगताना ‘अ’ येतो: ‘अ ब्लड प्रेशर ऑफ १४० ओव्हर ९०’, ‘अ टेंपरेचर ऑफ १०२’. एक विशिष्ट मोजणी झाली, म्हणून ती सुटी झाली. जिला हे समजलं तिला ‘अ’चा स्वभाव समजला, असं मी मानते.

शब्द ओळखीचा, अर्थ दुसरा

‘त्याला बीपी आहे’, ‘आईला शुगर आहे’, ‘तिला ॲपेंडिक्स झालंय’, ‘बाळाला टॉन्सिल्स झालेत’. मराठीत ही वाक्यं पूर्ण आहेत. इंग्रजीत बीपी आणि टॉन्सिल्स सगळ्यांनाच असतात, ॲपेंडिक्स जन्मतःच असतं. तिथे ‘हाय ब्लड प्रेशर’, ‘डायबेटीस’, ‘ॲपेंडिसायटिस’, ‘टॉन्सिलायटिस’ लागतात आणि चारही ‘अ’शिवाय. मूळ शब्दच बदलायचा असताना मुली ‘अ’चा विचार करत बसतात, म्हणून हे आधी दुरुस्त करा. ‘लूज मोशन्स’ इथे सगळ्यांना कळतं, बाहेर ‘डायरिया’ लिहा.

कंबरदुखीचंही तसंच. यंत्रमागावर दिवसभर उभे राहणारे, विड्या वळायला तासन्‌तास मांडी घालून बसणाऱ्या बायका कंबर धरूनच ओपीडीत येतात. त्याला ‘वेस्ट पेन’ म्हणू नका, ‘लो बॅक पेन’ म्हणा, ‘अ’शिवाय. मान आखडली असेल तर ‘अ स्टिफ नेक’. विशेषण आणि एक अवयव अशी जोडी झाली की ‘अ’ लागतो: ‘अ सोअर थ्रोट’, ‘अ रनी नोज’, ‘अ स्वोलन अँकल’, ‘ॲन अपसेट स्टमक’. दोन्ही पाय सुजले की अनेकवचन, ‘स्वोलन फीट’, ‘अ’ गेला. हातापायाला मुंग्या येणं म्हणजे ‘पिन्स अँड नीडल्स’, तेही अनेकवचनच.

‘अ’ कधीकधी आजाराचा नसून पुढच्या शब्दाचा असतो. ‘अ हिस्टरी ऑफ अस्थमा’मधला ‘अ’ हिस्टरीचा, ‘अ डायबेटिक पेशंट’मधला पेशंटचा. ते पाहून ‘अ अस्थमा’, ‘अ डायबेटीस’ तयार होतात. माझ्या त्या विद्यार्थिनीचं नेमकं हेच झालं होतं, आदल्या आठवड्यातल्या नमुना-पत्रात ‘अ डायबेटिक पेशंट’ होता.

‘अ’ की ‘ॲन’: इथे देवनागरी कामाला येते

स्पेलिंग विसरा. शब्द जसा ऐकू येतो तसा देवनागरीत लिहा आणि पहिलं अक्षर पाहा. स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. अल्सर, इअरेक, इन्फेक्शन: ‘ॲन’. यूरिन इन्फेक्शनची सुरुवात ‘य’नं, म्हणून ‘अ यूरिन इन्फेक्शन’, ‘अ यूटीआय’. एक्स-रे, एमआरआय, ईसीजी, एचआयव्ही टेस्ट: सगळे ‘ॲन’. सीटी स्कॅन: ‘अ’. ‘अवर’ म्हणजे तास, पहिलं अक्षर अ, म्हणून ‘ॲन’. रोमन लिपीत शिकणाऱ्यांना इथे अपवादांची यादी पाठ करावी लागते, आपल्याला लिपीच उत्तर देते.

‘द’ कुठे

पत्रात ‘द’चं मुख्य काम दुसऱ्यांदा उल्लेख करण्याचं. पहिल्यांदा ‘अ रॅश’, नंतर ‘द रॅश’. मराठीत आपण ‘ते पुरळ’ म्हणतो, तसंच. अवयवालाही पत्रात काहीतरी लागतंच, ‘इन हर लेफ्ट नी’ किंवा ‘इन द लेफ्ट नी’. ‘इन लेफ्ट नी’ केस पेपरपुरतंच ठेवा. गोवर, गालगुंड यांना ‘द मीझल्स’, ‘द मम्प्स’ म्हणणारेही आहेत, नुसतं म्हटलं तरी बरोबर. नुसतंच म्हणा.

परत येऊ नये म्हणून

शब्दांची वही दोन पानी करा. डाव्या पानावर ‘अ’वाले, उजव्या पानावर बिन‘अ’चे. डाव्या पानावर ‘हेडेक’ असं कधीही लिहायचं नाही, ‘अ हेडेक’ असंच लिहायचं, जणू तो शब्दच तसा आहे. शंका असलेला शब्द मधल्या रेघेवर लिहा आणि शिक्षकांना विचारून मगच पानात ढकला. नियम समजूनही चूक करणाऱ्या मुली या वहीनं सुधारलेल्या मी पाहिल्यात.

पत्र लिहून झालं की पूर्ण वाचू नका. फक्त आजारांच्या नावांभोवती पेन्सिलनं गोल करा आणि प्रत्येक गोलाच्या डावीकडे काय आहे ते पाहा. दोन मिनिटं लागतात.

बोलताना ‘अ’ गळत असेल तर तो ‘ए’ म्हणून उच्चारू नका. शाळेत ‘ए हेडेक’, ‘ए कोल्ड’ असं ठासून शिकवतात. त्यामुळे तो सुटा, जड शब्द होतो आणि घाईत पहिला तोच पडतो. खरा उच्चार आपल्या ‘अ’इतका हलका आहे आणि तो मागच्या शब्दाला चिकटतो: ‘हॅवअ हेडेक’, ‘हॅजअ कफ’, ‘हॅडअ फॉल’. ड्युटीवर जाताना बसमध्ये पुटपुटत राहा. जिभेला वळण लागायला काही आठवडे लागतात, पण लागतं.

आता हे करून पाहा. नोट्स अशा आहेत: ‘पॉवरलूम वर्कर, ५४. बॅक पेन ३ मंथ्स. ड्राय कफ, फीवर १०१, लास्ट २ डेज. डायबेटीस. रॅश ऑन लेफ्ट फोरआर्म, नॉट इची.’

आधी स्वतः लिहा, मग पुढचं वाचा.

‘द पेशंट इज अ फिफ्टी-फोर-इयर-ओल्ड पॉवरलूम वर्कर हू हॅज हॅड बॅक पेन फॉर थ्री मंथ्स. फॉर द लास्ट टू डेज ही हॅज ऑल्सो हॅड अ ड्राय कफ अँड अ फीवर ऑफ १०१. ही हॅज अ हिस्टरी ऑफ डायबेटीस. देअर इज अ रॅश ऑन हिज लेफ्ट फोरआर्म. द रॅश इज नॉट इची.’

आता पेशंटचं वय ८४ करा आणि पहिलं वाक्य पुन्हा लिहा. ‘एटी-फोर’, पहिलं अक्षर ए, म्हणजे ‘ॲन’. ८, ११, १८ आणि ८० ते ८९ या वयांना हे होतं, आणि परीक्षेतल्या पत्रात वय बहुतेकदा पहिल्याच वाक्यात येतं.